नेम धरणे, नेम पाळणे

चिखलीहून खामगावच्या रस्त्याला लागले की वाटेत उंद्री येते. पुण्याच्या कडेचे ते उंद्री वेगळे, हे बुलडाणा जिल्ह्यातले. या पट्ट्यात जून लागला की पारावर, बसमध्ये, कृषी केंद्राच्या दुकानात एकच वाक्य फिरते: पावसाचा काही नेम नाही. याच जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचे भाकीत सांगतात, पेपरवाले ते छापतात, लोक वाचतात आणि तरीही पेरणीच्या तोंडावर म्हणतात, नेम नाही. इथे नेम म्हणजे भरवसा.

शेगाव याच जिल्ह्यातले. ‘गुरुवारचा नेम आहे’ असे कुणी म्हणाले की इथे पुढचे विचारावे लागत नाही. हा नेम म्हणजे व्रत, स्वतःला घालून घेतलेला दंडक. आणि ज्वारीच्या राखणीला बसलेल्या पोराच्या गोफणीतला गोटा पाखरावर न जाता भलतीकडे गेला की ‘नेम चुकला’. तिथे नेम म्हणजे निशाणा. भरवसा, व्रत आणि निशाणा ही तीन कामे मराठीने एकाच दोन अक्षरी शब्दाकडे दिली आहेत.

मराठी ख्रिस्ती घरांतही हा शब्द तितकाच रुळलेला आहे. अकोला-खामगाव भागात अलायन्स मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचे. मिशनरी परदेशातून आले, पण त्यांची शिकवण ज्या भाषेत मुरली ती इथलीच. सकाळच्या बायबलवाचनाला, शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेला शेजारच्या वारकऱ्याचाच शब्द लागला. ‘त्यांचा नेम कधी चुकत नाही’ हे म्हाताऱ्या ख्रिस्ती माणसाबद्दलचे कौतुक कानावर पडले की मला मात्र थोडे थबकायला होते. कोणता नेम? पाळायचा की धरायचा?

नेमाचे मूळ सरळ आहे. संस्कृत ‘नियम’ झिजून नेम झाला. त्यात ‘यम्’ हा धातू आहे, म्हणजे आवरणे, खेचून धरणे. रथाचे घोडे आवरणारा सारथी तो ‘यन्ता’. संयम हा नेमाचा सख्खा भाऊ. म्हणजे मुळात नेम हे लगामाचे काम. मग तो बंदुकीच्या टोकावर कसा जाऊन बसला? मला वाटते, वाट ‘नेमणे’ या क्रियापदावरून गेली असावी. नेमणे म्हणजे ठरवणे, पक्के करणे. माणूस कामावर नेमला, दिवस नेमला, तशी नजर एका जागी नेमली. ‘नेमका’ हा शब्द त्याच वाटेवरचा. मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात नेमाखाली दंडक आणि निशाणा हे दोन्ही अर्थ शेजारी नांदतात, त्यामुळे ही जोडी अलीकडची नाही हे नक्की.

आता ‘शिस्त’ पाहा. हा शब्द ‘शिष्ट’वरून आला असे पुष्कळांना वाटते. शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारांत दोन्ही एकाच ओळीत बसतात, त्यामुळे पटतेही. पण शिस्त फारसी आहे. ‘शस्त’ म्हणजे अंगठा. धनुष्याची दोरी ओढताना तिरंदाज अंगठ्यात जे कडे घालत त्यालाही तेच नाव, आणि त्यावरून नेम धरण्याला. हिंदी-उर्दूत ‘शिस्त बांधना’ म्हणजे निशाणा साधणे. जुन्या मराठीतही तोफ-बंदुकीची शिस्त धरत. पुढे अर्थ सरकत गेला: निशाण्याची सरळ रेषा, मग सरळ रांग, मग व्यवस्था. कवायत आणि शाळा आल्यावर शिस्त मास्तरांच्या हाती गेली. आज ‘वर्गात शिस्त ठेवा’ म्हणताना त्यात तिरंदाजाचा अंगठा आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नसते.

गंमत इथे आहे. नेम दंडकाकडून निशाण्याकडे गेला. शिस्त निशाण्याकडून दंडकाकडे आली. एक संस्कृत, एक फारसी, दोघांची वाट उलटसुलट, आणि दोघेही मराठीत येऊन त्याच दोन अर्थांच्या मध्ये उभे राहिले. योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण भाषा वापरणाऱ्या शेकडो पिढ्यांना निशाणा आणि दंडक या गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या असाव्यात, असे मला जास्त पटते.

ख्रिस्ती धर्मशास्त्रात तर ही जोडी अगदी मुळाशी आहे. नव्या करारात पापासाठी जो ग्रीक शब्द वारंवार येतो तो ‘हामार्तिया’. होमरच्या काळापासून त्याच्या क्रियापदाचा अर्थ नेम चुकणे, भाला लक्ष्यावर न लागणे. हिब्रूतला ‘खाता’ हा धातूही तसाच. त्याचा शुद्ध, धार्मिक रंग न चढलेला वापर पाहायचा तर शास्ते या पुस्तकाचा विसावा अध्याय काढावा. बन्यामीन वंशातले ७०० निवडक डावखुरे गोफणवाले तिथे येतात. केसावर गोटा मारला तरी न चुकणारे, असे त्यांचे वर्णन आहे, आणि त्या ‘न चुकणारे’मध्ये पापाचेच क्रियापद आहे. भाषांतर वाचताना हे कळत नाही, कळायचा मार्गही नाही.

गोफण ज्याने फिरवली त्याला मात्र हे वाक्य वेगळे कळेल. दोन दोऱ्या, मधे गोटा ठेवायची विणलेली खोळ. एका दोरीच्या टोकाला फास असतो, तो बोटात अडकवायचा. दुसरी दोरी नुसती चिमटीत धरायची. डोक्यावर गरागरा फिरवायची आणि चिमटी सोडायची. सगळे कसब सोडण्याच्या त्या क्षणात. जोर कितीही असो, चिमटी एक निमिष उशिरा सुटली की गोटा शेजाऱ्याच्या वावरात. नवशिक्याचा गोटा कधी कधी मागेही जातो, म्हणून त्याच्या पाठीशी कुणी उभे राहत नाही. जोर कमी पडल्याने नेम क्वचितच चुकतो. सोयाबीनने ज्वारी मागे सारली तशी राखणीची माचाणे आणि गोफणीही कमी झाल्या. पुढच्या पिढीतल्या पाळकाला हे वचन समजावताना मोबाईलवर चित्र दाखवावे लागेल.

मराठी बायबलने हामार्तियासाठी ‘पाप’ हा शब्द घेतला. त्यात निशाणा नाही. पण जवळच पडलेल्या ‘अपराध’ या शब्दात तो आहे. ‘अप’ आणि ‘राध्’. राध् म्हणजे साधणे, तडीस नेणे, आणि अपराध म्हणजे ते हुकणे. अमरकोशात ‘अपराद्धपृषत्क’ असा एक भारदस्त शब्द आहे: ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला तो धनुर्धर. पंडिता रमाबाई संस्कृत आईकडून शिकल्या, पुढे हिब्रू आणि ग्रीक आत्मसात करून त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते छापून पूर्ण झाले. अपराधातला चुकलेला बाण आणि हिब्रूतला चुकलेला गोटा एकाच वेळी दिसू शकेल असा माणूस मराठीत त्यांच्याखेरीज मला दुसरा आठवत नाही.

नेम चुकू नये म्हणून काय करायचे, तर सराव. त्यासाठीचे मराठी शब्द बहुतेक आखाड्यातले आहेत. ‘तालीम’ अरबीत शिक्षण, आपल्याकडे लाल मातीचा हौद. ‘कसरत’ मुळात विपुलता. पुन्हा पुन्हा केल्याने जे अंगात येते ते. प्रेषित पौलही आखाड्याचीच भाषा बोलतो. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरत, विजेत्याला पाइनच्या किंवा अजमोदासारख्या पाल्याचा मुकुट मिळे, तो सुकून जाई. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल त्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो की आपण नेम नसल्यासारखे धावत नाही, वाऱ्यावर बुक्क्या मारत नाही. पुढे शरीराचे काय करतो हे सांगताना जुन्या मराठी बायबलात ‘कुदलणे’ हे क्रियापद आहे. मूळ ग्रीक शब्द डोळ्याखाली ठोसा मारण्याचा. कुदलणे त्याला शोभते. अलीकडच्या गुळगुळीत भाषांतरांपेक्षा मला हा रांगडा शब्द जवळचा वाटतो.

‘शिक्षा’ या शब्दाने मात्र घोटाळा केला आहे. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे. मराठीत ती छडी झाली आणि शिकण्यासाठी ‘शिक्षण’ उरले. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात देव आपल्या मुलांना शिक्षा करतो असे मराठीत वाचले की डोळ्यांपुढे चिडलेला बाप येतो. ग्रीक ‘पायदेया’मध्ये मुलाला वाढवणे, वळण लावणे हे सगळे होते, मारही त्यात होता, पण मारापुरते ते नव्हते. ‘वळण’ हा शब्द तिथे चालला असता. घरात आजी तोच वापरते.

आता उलट बाजू. नेम सुटतो तो कशाने? मराठीजवळ शब्दांचा तोटा नाही. ‘गाफील’ अरबीतून, ‘सुस्त’ फारसीतून. ‘बेसावध’मध्ये फारसी ‘बे’ आणि संस्कृतातून आलेला ‘सावध’ यांचे लग्न लागले आहे. ‘प्रमाद’ आज वर्तमानपत्री चूक म्हणून उरला, पण मुळात त्यात ‘मद्’ आहे. नशेने येते तशी बेफिकिरी. चिखली-खामगाव भागातल्या बौद्ध वस्त्यांत पंचशील म्हणताना पाचव्या शीलात ‘पमादट्ठाना’ हा शब्द येतो, आणि तो अजून मूळच्या अर्थाने जिवंत आहे. बायबलचा यासाठीचा शब्द ‘कोमट’: प्रकटीकरण या पुस्तकात लावदिकीयाच्या मंडळीला तसे म्हटले आहे. त्या शहराच्या एका बाजूला हेरापलीचे गरम झरे होते, दुसऱ्या बाजूला कलस्सैचे गार पाणी. लावदिकीयाला नळाने आणलेले पाणी ना धड हे, ना धड ते. गावच्या श्रीमंतीवर पोसलेली ती मंडळी म्हणत होती, आम्हाला कशाची उणीव नाही.

पण हे सगळे शब्द झोपलेल्या, पेंगुळलेल्या माणसाचे आहेत. आत्मिक समाधानाचा रोग ज्याला लागतो तो पुष्कळदा टक्क जागा असतो, वेळेवर येतो, पहिल्या बाकावर बसतो. लूकच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यातला परूशी पाहा. आठवड्यातून दोनदा उपास, उत्पन्नाचा दशांश, प्रार्थनेची वेळ चुकलेली नाही. त्याच्या नेमात खोट काढता येत नाही. जकातदाराचा कोणताच नेम नाही, आणि घरी नीतिमान ठरून जातो तो जकातदार. परूश्याने नेम पाळला पण धरला नाही. परंपरेने हे दोन उपास सोमवारी आणि गुरुवारी असत. आपल्याकडच्या वाचकाला हे वार ओळखीचे वाटतील, तो निव्वळ योगायोग. ‘डिडाखे’ नावाच्या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तिकेत सांगितले आहे की ढोंग्यांसारखे सोमवारी-गुरुवारी उपास करू नका, बुधवारी आणि शुक्रवारी करा. वार बदलला, एवढेच! दाखल्याचा रोख वारावर होता असे वाटायला फार धीट डोके लागते.

शिस्तीवरचे बहुतेक उपदेश गैरहजर माणसाला उद्देशून केलेले असतात, आणि ते ऐकायला हजर असतात ते नेमाचे लोक. ते मान डोलावतात, न आलेल्यांची नावे मनात मोजतात आणि समाधानाने घरी जातात. या जागी मला पौलाचे फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र जास्त उपयोगी वाटते. तुरुंगातून, आयुष्यभराच्या कामानंतर तो लिहितो की आपण अजून मिळवलेले नाही, निशाण्याकडे धावतो आहोत. तिथे ग्रीक शब्द आहे ‘स्कोपोस’, नजर जिथे लावायची ती खूण. ज्याला नेम लागला असे वाटते तो पुन्हा धरत नाही.

या अवस्थेला मराठीत नीट नाव नाही, ही माझी तक्रार आहे. ‘आत्मसंतुष्टता’ पुस्तकी आहे, कुणाच्या तोंडी येत नाही. ‘फुशारकी’ फार उघडी, ‘अहंकार’ फार मोठा. ‘आपलं बरं चाललंय’ या वाक्यात ती नेमकी सापडते, पण वाक्याचा शब्द होत नाही. वऱ्हाडी बोलीत, विशेषतः चिखली, मेहकर, खामगाव भागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात, नेमाने वागून नेम हरवलेल्या माणसासाठी एखादा शब्द असेल, तर तो ज्या वाक्यात ऐकला त्या वाक्यासकट लिहून कळवा.