‘स्त्रीपुरुषतुलना’ : संतापाची तर्कपद्धती

१८८१ साली सुरत येथील विजयालक्ष्मी नामक तरुण ब्राह्मण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य करण्यात आली. या प्रकरणावरून वृत्तपत्रांत जो वाद माजला, त्यात एकंदर स्त्रीजातीच्या नीतीवरच कोरडे ओढले गेले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध म्हणजे त्या टीकेला दिलेले उत्तर होय. १८८२ मध्ये तो पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती अवघ्या ५००.

या निबंधाची ख्याती त्याच्या जहाल भाषेमुळे आहे. तथापि त्याचे मर्म शीर्षकातील ‘तुलना’ या शब्दात शोधले पाहिजे. वादाचा विषय एका विधवेचा अपराध हा होता. ताराबाईंनी प्रश्नच पालटला : जे दुर्गुण स्त्रीच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत नाहीत काय? विधुर पुन्हा बोहल्यावर चढतो, विधवेला मात्र जन्मभर वैधव्य. मग हा नियम केला कोणी? अशा रीतीने एका शिक्षेतून उद्भवलेला संताप नियमकर्त्यांपर्यंत जाऊन भिडला. ‘निबंधमाले’च्या प्रौढ गद्याचा प्रभाव असलेल्या त्या काळात ताराबाईंनी घरगुती बोलीचा ठसका छापील निबंधात आणला आणि पुरुषांना समोर उभे करूनच जाब विचारला.

हा जाब विचारण्याचा अधिकारच तत्कालीन समाजाला मानवला नाही. सुधारकांच्या लेखनात स्त्री हा बहुधा करुणेचा विषय असे. येथे ती वादी होऊन उभी राहिली. १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढणाऱ्या जोतीराव फुले यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेतली, परंतु असे पाठीराखे विरळच. ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही.

१९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी हा निबंध पुन्हा प्रकाशात आणला. त्याच वर्षी पुण्यात स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली. ९३ वर्षांपूर्वी एकटीने विचारलेला प्रश्न आता संघटित स्त्रियांच्या तोंडी आला होता. संतापातून ग्रंथ एका व्यक्तीच्या हातूनही घडतो; चळवळ घडण्यासाठी मात्र तो संताप आपलासा करणारा समाज असावा लागतो, हेच या निबंधाच्या इतिहासावरून दिसून येते.