चुलीपाशी शिकवण : डहाणू-तलासरीच्या स्वयंपाकाचा इतिहास

परगावच्या पाहुण्याने एखाद्या घरच्या चुलीपाशी बसून तिथला स्वयंपाक स्वतःच्या हाताने शिकणे ही डहाणू आणि तलासरी तालुक्यांत अलीकडची गोष्ट आहे. तिथे जे शिकायला मिळते ते मात्र फार जुने आहे. बोर्डी, घोलवड, डहाणू परिसरातील चिकूच्या वाड्यांत राहायला येणारे मुंबईकर आणि परदेशी पाहुणे नागलीची भाकरी थापतात, पाट्यावर मिरची वाटतात, मडक्यात शेंगा भाजतात. या शिकवणीमागे जंगलातील हंगाम आहेत, उपासमारीची वर्षे आहेत, इराणमधून आलेल्या कुटुंबांची वाडी-शेती आहे आणि बालशिक्षणाचा एक मोठा प्रयोगही आहे.

पश्चिमेला समुद्र, किनाऱ्यालगत वाड्यांचा हिरवा पट्टा आणि पूर्वेला सह्याद्रीकडे चढत जाणारा डोंगराळ मुलूख अशी या भागाची ठेवण आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधी हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यात होते. त्याही आधी तलासरीकडची गावे उंबरगाव तालुक्यात मोडत. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. सरहद्द आखली गेली, पण चुलीवरचे जेवण दोन्हीकडे एकच राहिले. डोंगराकडे वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, कातकरी आणि किनाऱ्याला मांगेला, माच्छी, भंडारी, पारशी, इराणी अशी इथली वस्ती आहे.

डोंगराकडील घराचे मुख्य धान्य भात, नागली आणि वरी. जोडीला उडीद, तूर, वाल आणि सुके मासे. वारली समाजात धान्याची देवी कणसरी. नवे पीक आधी तिला दाखवायचे आणि मगच घरात खायचे, ही रीत पुष्कळ पाड्यांवर आजही पाळली जाते. वाघबारसेपासून सुरू होणाऱ्या दिवाळीत नव्या तांदळाचे पीठ आणि काकडी मिसळून पानात उकडलेले पदार्थ होतात, कोनफळे आणि करांदे उकडले जातात. पाटा-वरवंटा, जाते, उखळ आणि मातीची भांडी एवढ्यावर हा सगळा स्वयंपाक चालत आला आहे.

या पाककलेचा खरा कस पावसाळ्यात लागतो. जूनच्या पहिल्या सरींबरोबर शेवळे जमिनीतून वर येतात आणि दोन-तीन आठवड्यांत संपतात. शेवळाच्या गाभ्यात घशाला खाज आणणारे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकतात आणि भाजी शिजवताना काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालतात. किती काढायचे, किती आंबट घालायचे आणि किती वेळ शिजवायचे, हे हातालाच कळते. कडू कंदांचे काम त्याहून जोखमीचे. त्यांच्या पातळ चकत्या करतात, त्या उकळतात आणि मग ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा काढून टाकतात. ही क्रिया अर्धवट राहिली तर कंद बाधतो. कोणता कंद कोणत्या महिन्यात खायचा, कोणत्या वेलीला हात लावायचा नाही, हे ज्ञान आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे रानात चालता चालता गेले. मुलगी पाटी घेऊन बरोबर निघाली की तिची शाळा सुरू होत असे. ही विद्या रानभाजी खुडण्यापासून पानात वाढण्यापर्यंत अखंड असल्याने तिचे तुकडे करून ती शिकवता येत नाही.

छापील मराठी पाकशास्त्रात या स्वयंपाकाला फारसे स्थान मिळाले नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 मध्ये निघाले, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ 1910 मध्ये आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970 मध्ये. ही पुस्तके घरोघरी पोहोचली आणि त्यांनी अनेक पिढ्यांना उत्तम शिकवले. त्यांचे जग मात्र शहरी आणि मध्यमवर्गीय होते. वारली घरातील जेवणाची नोंद झाली ती सरकारी आणि अभ्यासकी कागदांत : 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये आणि पुढे के. जे. सावे यांच्या 1945 सालच्या वारलींवरील इंग्रजी ग्रंथात. तिथे पदार्थांची नावे सापडतात, पण ते करणाऱ्या बाईचे कसब सापडत नाही. तरीही ही विद्या शहरापर्यंत पोहोचलीच. आदिवासी बायकांनी पाटीत आणलेली शेवळे ठाण्या-मुंबईच्या बाजारांतून सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत गेली आणि तिथल्या पावसाळी जेवणात मानाचा पदार्थ ठरली.

ब्रिटिश अमलात या चुलीवर कायद्यांचा भार आला. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्य गाळणे आणि ताडी काढणे सरकारी परवान्याखाली आणले. 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा वेगळा कायदा झाला. मोहाच्या फुलांपासून दारू होते हे खरे, पण टंचाईच्या महिन्यांत ती भाजून किंवा कडधान्याबरोबर शिजवून पोटभर खाल्लीही जात. कायद्याने एक अन्नच आवाक्याबाहेर नेले. जमीन सावकारांकडे गेली, जंगल खात्याकडे गेले. पावसाळ्यात खाण्यासाठी उसने आणलेले धान्य म्हणजे खावटी आणि तिच्या फेडीसाठी वेठ, अशा चक्रात कुटुंबेच्या कुटुंबे अडकली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी आयुष्यभर राबणाऱ्याला लग्नगडी म्हणत. डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई सरकारला 1939 मध्ये दिलेल्या अहवालात ही स्थिती स्पष्ट मांडली आहे.

मे 1945 मध्ये झरी या आजच्या तलासरी तालुक्यातील गावी वारलींची मोठी सभा झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ नाकारण्याची चळवळ तिथून पसरली. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाडा इथे पोलिसांच्या गोळीबारात 5 वारली मारले गेले. त्यांत जेठ्या गांगड होता. गोदावरीबाईंनी हा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. स्वयंपाकाच्या इतिहासात या लढ्याचे स्थान थेट आहे. पाहुणे आज ज्या कंदांची चव कौतुकाने घेतात, ते कंद शोधण्याची आणि निर्विष करण्याची विद्या पुष्कळशी रिकाम्या कणग्यांमुळे टिकली. हे न सांगता केलेली कोणतीही शिकवणी अर्धीच राहते.

किनाऱ्यावरील स्वयंपाकाची परंपरा वेगळी. बोर्डीजवळच्या बहारोट डोंगरावरील गुहांत पारशांनी संजाणहून आणलेला इराणशाह अग्नी काही वर्षे जपला, अशी त्यांची परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इराणमधून आलेल्या झरथुष्ट्री कुटुंबांनी डहाणू-घोलवड पट्ट्यात वाड्या उभ्या केल्या. महाराष्ट्रात चिकूची पहिली लागवड 1898 मध्ये घोलवड इथे झाली असे फळशास्त्राच्या पुस्तकांत नोंदलेले आहे. कॅल्शियमयुक्त जमीन, समुद्राची दमट हवा आणि रेल्वेची सोय यांमुळे हे मध्य अमेरिकेतील फळ इथलेच होऊन गेले. वाड्यांत झाडे लावणारे आणि फळे उतरवणारे हात बहुतेक आदिवासींचे होते.

पारशी घरांत ताडी पिण्यापुरती नव्हती. भाकरा हा तळलेला गोड पदार्थ आणि पोपटजी हे गोल, फुगीर खाद्य यांचे पीठ ताडीने आंबवत. सकाळची ताजी, गोड ताडी आणि दुपारची चढलेली ताडी यांतील फरक ज्याला कळतो त्याचाच भाकरा हलका होतो. यीस्ट आणि बेकिंग पावडर आल्यावर ही रीत मागे पडली, तरी जुन्या घरांत ती आठवणीत आहे. मांगेला आणि माच्छी घरांत बोंबील उन्हात वाळवून पावसाळ्याची बेगमी होते आणि हेच सुके मासे बाजारातून डोंगराकडच्या भाकरीबरोबर जाऊन बसतात. समुद्र आणि जंगल यांची ही देवघेव आठवडे बाजारांनी शतकानुशतके चालवली.

हिवाळ्यात तलासरीपासून वलसाडपर्यंत महामार्गाच्या कडेला धूर दिसतो तो उंबाडियूचा. मातीच्या मडक्यात पाला अंथरून त्यात वालपापडी, कंद, रताळी आणि बटाटे मसाला लावून भरतात, तोंड पाल्याने बंद करतात, मडके उपडे ठेवतात आणि भोवती पालापाचोळा व गोवऱ्या पेटवतात. पाणी किंवा तेल जवळपास लागत नाही. शेंगा स्वतःच्या ओलाव्यात शिजतात. रायगडकडील पोपटी याच कुळातील, तिथे भांबुर्ड्याचा पाला वापरतात. नवख्या माणसाला शिकायला हा पदार्थ सर्वांत सोपा, कारण चूक फार तर पाल्याच्या वासापुरती राहते. आच केव्हा मोडायची हे मात्र मडक्यावर पाणी शिंपडून, त्याचा आवाज ऐकूनच ठरवतात.

हाताने करून शिकण्याला या भागात शास्त्राचे अधिष्ठान मिळाले ते बोर्डीत. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर माँटेसरी पद्धतीवर काम केले होते. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. ताराबाईंनी त्यांच्या जागी बिया, पाने, खडे, शिंपले आणि माती आणली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा पाड्यावर, अंगणात गेली; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरली. भोवतालच्या वस्तू हाताळत, काम करत शिकायचे, ही कोसबाडची रीत स्वयंपाकाच्या शिकवणीलाही तंतोतंत लागू पडते. इतका मोठा विचार घरात असताना त्याचा उपयोग प्रौढ पाहुण्यांसाठी फारसा कोणी केला नाही, याची खंत वाटते.

बाहेरचे लोक शिकायला प्रथम आले ते चित्रांसाठी. लग्नाचा चौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढत; रंग स्वयंपाकघरातला आणि हातही स्वयंपाकघरातला. 1970 च्या दशकात गंजाड इथल्या जिव्या सोमा म्हशे यांची चित्रे कागदावर आली आणि जगभर गेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर वारली चित्रकलेच्या कार्यशाळा डहाणूच्या पर्यटनाचा नेहमीचा भाग झाल्या. चित्र शिकायला आलेला माणूस दुपारी त्याच घरी जेवला आणि हळूहळू जेवण करायलाही बसू लागला.

प्रवासात स्वयंपाक शिकण्याची चाल जगात रुळली त्यात थायलंडचा वाटा मोठा आहे. बँकॉकच्या ओरिएंटल हॉटेलने 1986 मध्ये पाकशाळा उघडली आणि चियांग माईत 1993 पासून पर्यटकांसाठी वर्ग भरू लागले. सकाळी बाजारात फेरी, मग दगडी खलात मसाला कुटणे, प्रत्येकाने आपापली कढई चालवणे आणि शेवटी स्वतः केलेले जेवणे, हा तिथला साचा पुढे देशोदेशी गेला. महाराष्ट्रात कृषी पर्यटनाला 2005 पासून बारामती परिसरात संघटित रूप आले आणि राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये ठरले. डहाणूच्या वाड्या तोवर टिकल्या, यामागे 20 जून 1991 ची केंद्राची अधिसूचना आहे. तिने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवून उद्योगांवर मर्यादा घातल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली देखरेखीचे प्राधिकरणही आले. 2013 मध्ये मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत पोहोचली आणि शहरातून येणे सोपे झाले. बोर्डीत चिकू महोत्सव भरू लागला, डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि 9 ऑगस्टच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव होऊ लागले.

या वाटचालीत दोन उणिवा राहिल्या आहेत. पाहुणे येतात हिवाळ्यात आणि विद्या फुलते पावसाळ्यात. त्यामुळे शिकवणीत भाकरी, चटणी आणि उंबाडियू असतात, शेवळे आणि कंद क्वचितच. दुसरी उणीव मोबदल्याची. चित्रकाराला आता कलावंताचा मान आणि मानधन मिळते. चुलीपाशी बसून शिकवणारी बाई पुष्कळदा वाडीतील मजूरच समजली जाते. तिचे कसब तितकेच जुने आणि तितकेच दुर्मीळ आहे. म्हणून शिकायला जाणाऱ्याने जूनमध्ये जावे, कंद आणि शेवळांना जाणत्या बाईच्या देखरेखीवाचून हात लावू नये, भाजी बाजारात बसलेल्या आदिवासी बायकांकडूनच घ्यावी आणि शिकवणीचे पैसे शिकवणारीच्या हातात द्यावेत.