तरंगणारा रणगाडा आणि मेघनेच्या होड्या

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे रणगाडा दलाचे शिक्षणकेंद्र. त्यामुळे आपणां मराठी माणसांना रणगाडा अनोळखी नाही. पोहणारा रणगाडा मात्र नवलाचाच. सोविएत बनावटीचा पीटी-७६ अवघा १४ टनांचा. चिलखत पातळ ठेवले म्हणूनच तो तरंगे, आणि मागे फेकलेल्या पाण्याच्या झोताने पुढे सरके. २१ नोव्हेंबर १९७१ रोजी पूर्व पाकिस्तानातील गरीबपूरला याच पातळ चिलखताच्या रणगाड्यांनी पाकिस्तानी चॅफी रणगाड्यांचा हल्ला मोडला. तुकडीप्रमुख मेजर दलजितसिंग नारग धारातीर्थी पडले. डिसेंबरात विस्तीर्ण मेघना आडवी आली. दीर्घकाळ पोहताना इंजिने तापू लागली, तेव्हा स्थानिकांच्या होड्यांनी रणगाडे ओढून पैलतीरी नेले. त्या विजयाच्या इतिहासात यंत्राशेजारी त्या नावाड्यांनाही जागा हवी, असे आम्हांस वाटते.