एकवीस अंक आणि एक मौन

२ चा ६७ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या मिळते. १६४४ साली मारँ मर्सेन या फ्रेंच ख्रिस्ती संन्याशाने अशा रीतीने मिळणाऱ्या मूळ संख्यांची एक यादी छापली. तीत २५७ पर्यंतचे घात होते, आणि त्यांत ६७ होता. सिद्धता मात्र दिलेली नव्हती. पत्रव्यवहाराने युरोपभरच्या विद्वानांना जोडणाऱ्या या माणसाचा शब्द पडताळून पाहण्याचे साधनही त्या काळी नव्हते. सुमारे दोनशे तीस वर्षे ही संख्या मर्सेनच्या शब्दावर ‘मूळ’ म्हणून नांदली.

१८७६ मध्ये एद्वार लुकासने ती मूळ नसल्याचे दाखवले. पण तिचा एकही अवयव त्याच्या हाती नव्हता. एखाद्या पोथीत दोन हात आहेत हे भाषेवरून सिद्ध व्हावे आणि ते दोघे कोण हे मात्र कळू नये, तशी ही अवस्था. तिला आणखी सत्तावीस वर्षे गेली.

पुढची कथा प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर १९०३, न्यूयॉर्क, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा. फ्रँक नेल्सन कोल फळ्याकडे गेला, २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला, आणि शेजारी १९,३७,०७,७२१ व ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरे जुळली. एक शब्दही न बोलता तो जागेवर जाऊन बसला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. या कामी तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, असे त्याने पुढे सांगितल्याचीही नोंद आहे.

ही नोंद, आणि ते मौनही, आपल्याला मिळते ती एरिक टेंपल बेल यांच्या लेखणीतून. बेल १९०३ साली दूर स्टॅनफर्डला शिकत होते, आणि हे त्यांनी छापले ते कोलच्या मृत्यूनंतर पाव शतकाने. बेल हे रंगवून सांगणारे चरित्रकार. तेव्हा टाळ्यांचा तपशील जपूनच घ्यावा. खुद्द कोल मुळीच गप्प बसला नव्हता. त्याच वर्षी सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा लेख आला आणि त्यात त्याने आपली रीत मांडली.

माझ्या मते खरे नाट्य तिथे आहे. या संख्येच्या कोणत्याही भाजकाला १३४ ने भागले तर बाकी १ च उरते, ८ ने भागले तर १ किंवा ७. एवढ्याने बहुतेक सगळे उमेदवार बाद होतात. तरीही लहान अवयव सापडतो तो १३४ ची १४,४५,५८० पट करून त्यात १ मिळवल्यावर. एकेक तपासत जाणे एका माणसाच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून कोलने वर्गशेषांच्या आधारे ही गाळणी आणखी बारीक केली. फळ्यावरच्या गुणाकारात यातले काहीच दिसत नाही.

मर्सेनच्या यादीत २५७ देखील चुकीचा होता, आणि ६१, ८९, १०७ हे घात सुटले होते. ती पूर्ण तपासून व्हायला १९४७ साल उजाडले. अशा मूळ संख्यांना नाव मात्र अजून मर्सेनचेच आहे.