हाय आयडल नियंत्रक (डिझेल पिकअपवरील)

वाहन जागेवर उभे असताना, गिअर न्यूट्रलमध्ये व हातब्रेक ओढलेला असताना, डिझेल एंजिनाची किमान गती हेतुतः वाढवून ती ठरावीक अंकावर धरून ठेवणारी योजना. चार सिलिंडरांच्या बहुतेक पिकअप ट्रकांची किमान गती, म्हणजे ज्याला कार्यशाळेत मिस्त्री नुसते ‘स्लो’ म्हणतात ती, मिनिटाला ७५० ते ८५० फेऱ्यांच्या आसपास कारखान्यातच निश्चित झालेली असते; प्रस्तुत नियंत्रक तीच गती गरजेनुसार १,००० ते १,५०० फेऱ्यांपर्यंत नेतो व काम संपताच पूर्ववत करतो. पायाने रेस देऊनही एंजिनाची गती वाढते हे खरे. परंतु तेवढ्यासाठी चालक केबिनमध्ये अडकून पडतो, आणि एंजिनावर भार आला की गती खाली बसते व भार सुटला की ती एकदम उसळते. हे दोन्ही दोष ज्या योजनेने दूर होतात तिलाच नियंत्रक हे नाव शोभते.

या साधनाचा प्रसार प्रथम झाला तो उत्तर अमेरिकेत, आणि तेथील त्याचे मुख्य कारण हिमप्रदेशातील थंडी हे होते. हिवाळ्यात तास-तासभर मंद चालीवर उभ्या ठेवलेल्या डिझेल एंजिनाची सिलिंडरे पुरेशी तापत नाहीत. इंधनाचे ज्वलन अपुरे होते. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून तळाच्या वंगणतेलात उतरते आणि इंजेक्टरांच्या तोंडाशी व झडपांवर काजळी साचते. गती वाढविली म्हणजे एंजिन लवकर तापते व केबिनमधील उष्णयंत्रही काम देऊ लागते. फोर्ड कंपनीच्या सुपर ड्यूटी श्रेणीतील डिझेल ट्रकांना तर ही सोय एंजिनाच्या मूळ संगणकातच दिलेली असून, तिच्यासाठी राखून ठेवलेली तार जोडली की ती कार्यान्वित होते.

खामगावात हे कारण मुळीच लागू पडत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी हिवाळ्यातील रात्र थंड खरी, पण एंजिन गोठविणारी नव्हे. उलट वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तथापि वऱ्हाडातील कापसाची ही जुनी पेठ, जिच्यासाठी १८७० मध्ये जलंब–खामगाव हा रेल्वेचा फाटा मुद्दाम टाकण्यात आला, ती आज मालवाहतुकीच्या बाबतीत बव्हंशी रस्त्यावर विसंबून आहे. पूर्वी ज्याला राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणत व आता ५३ म्हणतात त्या मलकापूर–अकोला रस्त्यावर, आणि आसपासच्या खेड्यांतून बाजार समितीकडे येणाऱ्या वाटांवर, महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाची २०७ व ‘छोटा हत्ती’ या नावाने घरोघरी माहीत असलेली टाटा एस, अशोक लेलँडची दोस्त ही वाहने कापूस, सोयाबीन, भाजीपाला, दूध आणि दुकानांचा माल वाहतात. यांतील बरीचशी वाहने पळण्याखेरीज उभ्या-उभ्याही काम करतात, आणि येथील गरज त्या कामातून उद्भवते. थंडीवरचा उपाय म्हणून दूरदेशी रूढ झालेली वस्तू येथे भारावरचा व उन्हावरचा उपाय म्हणून पाहिली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तसे न करता केवळ हौसेने ती बसविली, तर ती डिझेल जाळण्याचे एक कारण होऊन बसते.

उभ्या वाहनावर पडणारा भार मुख्यतः तीन ठिकाणांहून येतो. पहिला वीजनिर्मितीचा. आल्टरनेटरची कप्पी एंजिनाच्या कप्पीपेक्षा लहान असल्याने तो एंजिनाच्या सुमारे दोन ते अडीच पट वेगाने फिरतो. एंजिन ८०० फेऱ्यांवर असता त्याला जेमतेम १,६०० ते २,००० फेरे मिळतात, आणि त्याची पाटीवर लिहिलेली क्षमता तर साधारण ६,००० फेऱ्यांना मोजलेली असते. सबब प्रचारफेरीतील भोंगे, रात्री माल उतरविताना लावलेले दिवे किंवा इन्व्हर्टरवरचे एखादे यंत्र चालू असले की मंद चालीत आल्टरनेटर पुरा पडत नाही, तूट बॅटरीतून भरून निघते आणि चालकाला ते कळते ते दुसऱ्या दिवशी सकाळी, सेल्फ मारल्यावर. दुसरा भार शीतकरणाचा. लहान शीतवाहनांत संपीडक थेट एंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. वाहन उभे राहिले की त्याची गती घटते व पेटीतील दुग्धजन्य पदार्थ वा औषधे जेव्हा धोक्यात येतात ती घटका नेमकी माल उतरविण्याची, दार उघडे असण्याची असते. तिसरा भार हायड्रॉलिकचा. नगरपालिकांच्या घंटागाड्यांपैकी ज्यांची पेटी उचलण्याचा पंप गिअरबॉक्सवरील पीटीओमार्फत (पॉवर टेक-ऑफ, म्हणजे एंजिनाची शक्ती बाहेर घेणारी जोडणी) फिरतो, त्यांत पंपातून मिळणारे तेल एंजिनाच्या गतीच्या प्रमाणात असते. मंद चालीवर पेटी रखडत वर जाते, म्हणून चालक एक पाय रेसवर व एक हात दांड्यावर ठेवून काम उरकतो. याच्या जोडीला ऊन आहेच: पाण्याचा पंप, पट्ट्यावरचा पंखा आणि तेलाचा दाब ही तिन्ही एंजिनाच्या गतीवर अवलंबून असल्याने, कापसाच्या हंगामात किंवा चैत्र-वैशाखात रांगेत एसी लावून उभ्या असलेल्या गाडीला किंचित वाढीव गती हितावह ठरते.

गती धरून ठेवण्याचा प्रश्न डिझेलच्या बाबतीत मुळातच मर्माचा आहे. पेट्रोल एंजिनात हवेची वाट अडवून शक्ती आवरता येते. डिझेल एंजिन मात्र हवा मोकळेपणी ओढते आणि त्याचा लगाम केवळ इंधनाच्या मात्रेत असतो. मात्रा किंचित जास्त झाली व भार नसला तर एंजिन स्वतःच्या विध्वंसापर्यंत वेग घेऊ शकते. म्हणूनच जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या एंजिनाला लावलेला फिरत्या गोळ्यांचा गतिनियंता डिझेलमध्ये शोभेचा भाग राहिला नाही, तो अपरिहार्य झाला; आणि रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर काढलेल्या इंधनपंपाच्या घराण्यात तो पंपाच्या पोटातच जाऊन बसला. भारतात हे पंप १९५१ मध्ये स्थापन झालेल्या बंगलोरच्या मायको कंपनीने खेडोपाडी पोचविले, इतके की वऱ्हाडातील जुने मिस्त्री पंपालाच मायको म्हणत.

या गतिनियंत्याचे दोन प्रकार आहेत व त्यांतील भेद न ओळखल्यामुळेच पुष्कळ जोडण्या फसतात. ट्रॅक्टरला सर्वगती प्रकारचा गतिनियंता असतो: हाताच्या दांडीने जी गती मागितली ती तो भार चढो वा उतरो सांभाळून धरतो, आणि म्हणूनच सोयाबीनच्या सुगीत मळणीयंत्राचा पीटीओ ५४० फेऱ्यांवर ठेवून चालक खुशाल खाली उतरतो. रस्त्यावरच्या अनेक वाहनांना मात्र द्विगती प्रकार दिलेला असतो. तो दोन टोके राखतो, किमान गती आणि कमाल गती. मधल्या साऱ्या प्रदेशात पायाचे पेडल इंधनाची मात्रा ठरविते, गती नव्हे, कारण रस्ता पाहून गती सांभाळणे हे तेथे चालकाचे काम मानलेले असते. अशा वाहनाला ट्रॅक्टरवर पाहिलेली हातरेसची केबल बसवून १,२०० फेऱ्यांवर अडकविली, तर एसीचा संपीडक लागताच गती हजाराच्याही खाली येते व तो सुटताच ती मोकाट वर चढते. केबल स्वस्त आहे, बसवायला सोपी आहे, पण ती नियंत्रक नव्हे. खरा नियंत्रक एंजिनाची गती सतत मोजतो, मागितलेल्या अंकाशी ताडून पाहतो आणि लहानशा विद्युत् मोटरीने पंपाची दांडी पुढे-मागे करून तफावत मिटवितो.

जुन्या यांत्रिक पंपाच्या पिकअपला एक मधला मार्ग उपलब्ध आहे, आणि तो बहुतेक मिस्त्र्यांच्या परिचयाचा आहे: एसी असलेल्या गाड्यांत कंपनीच बसविते ती निर्वाताची डबी. पत्र्याच्या चपट्या डबीत रबराचा पडदा असतो. झडपेचे विजेचे बटण दाबले की निर्वात डबीत शिरतो, पडदा आत ओढला जातो व त्याला जोडलेली बारीक सळई पंपाची दांडी ठरावीक अंतर खेचते. ती जोडताना एंजिन आधी पूर्ण तापवून घ्यावे, नंतर सळईवरील चुडीची नट ढिली करून गतिमापकावर अंक पाहत ती फिरवावी, आणि एसी चालू करून व बंद करून दोन्ही अवस्थांत गती पाहावी. पंपाच्या दांडीला दोन अडथळा-स्क्रू असतात: एक किमान गतीचा, दुसरा कमाल गतीचा, ज्याला बहुधा तार व शिसे यांची मोहोर लावलेली असते. या दुसऱ्या स्क्रूला हात लावण्याची मुभा कोणत्याही सबबीवर घेऊ नये.

निर्वाताच्या या वाटेत एक गंभीर धोका दडलेला आहे. पुष्कळ भारतीय डिझेल गाड्यांत निर्वातपंप आल्टरनेटरच्या पाठीलाच बसविलेला असतो, आणि त्याच पंपावर ब्रेकच्या बूस्टरची मदार असते. नियंत्रकासाठी त्या नळीला टी-जोड देऊन निर्वात घेतला, व पुढे ती नवी नळी उन्हाने तडकली किंवा क्लिपेतून सैल झाली, तर गळती ब्रेकच्या वाट्याचा निर्वात खाते. पेडल कडक होते आणि भरलेली गाडी नेहमीच्या अंतरात थांबत नाही. टी-जोड बूस्टरच्या एकेरी झडपेच्या अलीकडे, म्हणजे पंपाच्या बाजूला असावा. नळी इंधनाची किंवा पाण्याची नव्हे, निर्वाताचीच जाड भिंतीची असावी. आणि जोडणीनंतर एंजिन बंद करून पेडल दोन-तीनदा दाबून बूस्टरमध्ये साठा शिल्लक राहतो की नाही ते पाहिल्याखेरीज गाडी रस्त्यावर काढू नये.

कॉमन-रेल पद्धतीच्या नव्या गाड्यांत पंपाला दांडीच नसते. पेडलखाली संवेदक असतो; तो दोन स्वतंत्र विद्युत्-संकेत संगणकाकडे धाडतो, त्यांचे परस्परांशी ठरावीक प्रमाण असते, आणि ते प्रमाण बिघडले की संगणक पेडलवर अविश्वास धरून एंजिनाला अल्पशक्तीच्या अवस्थेत टाकतो. बाजारात मिळणाऱ्या कित्येक पेट्या हे दोन्ही संकेत नकली तयार करून संगणकाला पेडल दाबल्याचा भास देतात. हा मार्ग टाळावा. ज्या वाहनाच्या संगणकात पीटीओसाठी स्थिर गतीची तरतूद आहे तेथे ती कंपनीच्या अधिकृत केंद्रातून उघडवून घेणे, आणि जेथे नाही तेथे हा बेतच सोडून देणे, हे खर्चाच्या व जोखमीच्या दोन्ही दृष्टींनी इष्ट होय.

नियंत्रकाचा खरा कस गती वाढविण्यात लागत नाही, ती केव्हा सोडून द्यावयाची यात लागतो. हातब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, वाहनाचा वेग शून्य, ब्रेक व क्लच यांवर पाय नाही, या अटी एकाच वेळी पुऱ्या झाल्याशिवाय तो चालू होता कामा नये, आणि यांपैकी एक जरी मोडली तरी गती ताबडतोब किमान अंकावर आली पाहिजे. १,३०० फेऱ्यांवर फिरणाऱ्या एंजिनाची गाडी कुणी अनवधानाने गिअरमध्ये टाकली, तर समोर उभ्या असलेल्या हमालाला सावरायला वेळ मिळत नाही. पाण्याचे तापमान चढले किंवा तेलाचा दाब उतरला तरीही नियंत्रक सुटावा. दरवाजा न उघडता, खिडकीतून हात घालून दाबता येईल असे बंद करण्याचे वेगळे बटणही असणे चांगले.

कापसाच्या पेठेत आणखी एका गोष्टीचा बंदोबस्त लागतो, ती म्हणजे आग. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुराच्या मार्गावर काजळी अडविणारी गाळणी असते, आणि साचलेली काजळी जाळताना गाळणीतील तापमान ५५० अंशांच्याही वर जाते. हे जाळणे उभ्या गाडीत चालू असता एंजिन आपणहून गती वाढविते. जिनिंगच्या आवारात रुईचे पुंजके, सरकीची धूळ आणि शेताच्या बांधाला सोयाबीनचे कुटार कायम पसरलेले असते. अशा जागी सायलेन्सरखाली काही पडलेले नाही ना, हे पाहूनच हाय आयडल लावावे, आणि बंद शेडमध्ये तर विषारी धुरामुळे ते लावूच नये.

मोकळ्या चालीतही अडीच लिटरचे एंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर डिझेल घेते. गती वाढविली की खप वाढतो, आणि किलोमीटरचा काटा मात्र जागचा हलत नाही. ऑइल बदलण्याचा हिशेब केवळ किलोमीटरवर ठेवणारा मालक येथे फसतो. ट्रॅक्टरप्रमाणे तासमापक बसवून देखभालीची नोंद तासांवर ठेवावी. टर्बो असलेल्या एंजिनास वाढीव गतीवरून थेट चावी बंद न करता एक-दोन मिनिटे मूळ स्लोवर येऊ द्यावे. पीयूसी तपासणीत डिझेलचा धूर एंजिन न्यूट्रलमध्ये पूर्ण रेस देऊन मोजला जातो. त्या वेळी नियंत्रक बंद असावा.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील कारखानदाराने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल वाहनात करण्यास मनाई आहे. हाय आयडल नियंत्रकाने नोंदणीपत्रातील कोणताही रकाना सहसा बदलत नाही. तरी मूळ तारांना दिलेले जोड हमीच्या कालावधीत दावा नाकारण्यास कारण होऊ शकतात, आणि आगीच्या प्रसंगी विमा कंपनीचा पाहणी अधिकारी प्रथम तेच पाहतो. यास्तव स्वतंत्र फ्यूज, मूळ तार न कापता केलेली जोडणी, मिस्त्रीने सही करून दिलेली पावती आणि कोणती तार कोठून घेतली याचा हाताने काढलेला आराखडा, एवढे दप्तर गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावे.