एक माहिती, एकच जागा: नॉर्मलायझेशन आलं कुठून?

नॉर्मलायझेशन म्हटलं की आपल्याला आठवतो तो परीक्षेतला प्रश्न: फर्स्ट, सेकंड, थर्ड नॉर्मल फॉर्म उदाहरणासह स्पष्ट करा. पाठ करायचे आणि विसरायचे. पण हे नियम एका खऱ्या अडचणीतून निघालेत. आज तीच गोष्ट.

1960 च्या दशकात आयबीएमने अपोलो मोहिमेसाठी लागणाऱ्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला आयएमएस ही सिस्टीम बांधली. तिच्यात डेटा झाडासारखा ठेवलेला: वर मुख्य भाग, खाली त्याचे उपभाग. वरून खाली जायचं तर सोपं. पण प्रश्न उलटा आला, म्हणजे 'हा बोल्ट कुठेकुठे लागतो?', की प्रोग्रामरची दमछाक. आणि झाडाची रचना बदलली, की त्यावर लिहिलेले प्रोग्रामही बदला.

आयबीएमच्याच सॅन होजे प्रयोगशाळेत एडगर कॉड काम करत होते. मूळचे इंग्लंडचे, गणिताचा माणूस, महायुद्धात वैमानिक. जून 1970 मध्ये त्यांचा प्रसिद्ध शोधनिबंध आला. त्यातलं उदाहरण साधं आहे: एक कर्मचारी, त्याच्या पोटात नोकरीचा इतिहास, त्याच्या पोटात पगाराचा इतिहास, शिवाय मुलांची यादी. कॉड म्हणाले, प्रत्येक पोटयादी बाहेर काढा, तिचं वेगळं टेबल करा आणि सोबत कर्मचारी क्रमांक लिहा. नातं पॉइंटरने नाही, तर त्या क्रमांकाने जुळेल. हाच आपला फर्स्ट नॉर्मल फॉर्म.

पण तेवढ्याने भागलं नाही. समजा, पुरवठादार, त्याचं शहर आणि त्याने दिलेला माल एकाच टेबलात आहे. पुरवठादाराने पन्नास वस्तू दिल्या तर शहर पन्नास वेळा लिहिलं जाणार. तो नाशिकहून पुण्याला गेला आणि एक ओळ बदलायची राहिली, की डेटाबेस दोन्ही शहरं 'खरी' म्हणून सांगणार. त्याची शेवटची वस्तू काढली तर शहराचीही नोंद गेली. आणि नव्या पुरवठादाराने अजून काहीच दिलं नसेल, तर त्याचं शहर लिहायचं कुठे? या तीन दुखण्यांवर कॉड यांनी 1971 मध्ये सेकंड आणि थर्ड नॉर्मल फॉर्म मांडले. पुढे 1974 मध्ये रेमंड बॉइस यांच्यासोबत बॉइस-कॉड फॉर्म आला, 1977 मध्ये रोनाल्ड फॅगिन यांचा चौथा.

सगळ्यांना हे पटलं का? अजिबात नाही. आयबीएम तेव्हा आयएमएस विकत होती आणि तिचाच शास्त्रज्ञ वेगळा रस्ता दाखवत होता. 1974 मध्ये कॉड आणि नेटवर्क पद्धतीचे चार्ल्स बॅकमन यांच्यात जाहीर वाद झाला. बॅकमन यांना आदल्याच वर्षी ट्युरिंग पुरस्कार मिळालेला. विरोधकांचा मोठा आक्षेप असा, की इतकी टेबलं जोडत बसलं तर सिस्टीम हळू चालेल. ओरॅकल 1979 मध्ये बाजारात आलं; आयबीएमचं रिलेशनल प्रॉडक्ट 1981 मध्ये. त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

वेगाचा तो वाद आजही संपलेला नाही. रिपोर्टसाठी आपण मुद्दाम डेटा पुन्हा एकत्र करतो, आणि ते ठीकच आहे. फक्त मूळ प्रत कुठली आणि नक्कल कुठली, हे ठरलेलं हवं. म्हणून फॉर्मचे नंबर विसरलात तरी चालेल. नवं टेबल बनवताना प्रत्येक कॉलमला एकच प्रश्न विचारा: तू नक्की कुणाबद्दल सांगतोयस? उत्तर या टेबलाच्या की-बद्दल नसेल, तर त्याचं घर दुसरीकडे आहे.