नपुंसकता : शस्त्रक्रियेचे उपचार

संभोगासाठी शिश्नाला पुरेशी ताठरता न येणे किंवा आलेली ताठरता न टिकणे या विकाराला नपुंसकता म्हणतात. बोलण्यात हा शब्द मूल न होण्याशीही जोडला जातो. परंतु वंध्यत्व ही निराळी बाब असून नपुंसकता असलेल्या पुरुषाचे शुक्राणू पूर्णपणे निरोगी असू शकतात. शिश्नात स्पंजासारख्या ऊतकाचे दोन दंडगोल शेजारी शेजारी असतात. त्यांत धमन्यांवाटे रक्त भरते आणि फुगलेल्या ऊतकामुळे चिवट आवरणाखालच्या नीला दाबल्या जाऊन ते आतच कोंडले जाते, तेव्हा ताठरता येते. मधुमेह, धमनीकाठिण्य, प्रोस्टेटच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया किंवा कटिभागाची दुखापत यांमुळे ही यंत्रणा बिघडते. १९९८ मध्ये सिल्डेनाफिल बाजारात आल्यापासून पुष्कळ रुग्णांचे गोळ्यांवर भागते. गोळ्या, शिश्नात टोचायची इंजेक्शने व निर्वात पंप यांचा गुण येत नाही किंवा ते रुग्णाला नकोसे होतात, तेव्हाच सहसा शस्त्रक्रियेचा विचार करतात.

रक्त निसटून जाऊ नये म्हणून नीला बांधण्याची शस्त्रक्रिया विसाव्या शतकाच्या आरंभीच सुरू झाली होती. तिचा लाभ बहुधा टिकत नाही, म्हणून अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे तिची शिफारस करीत नाहीत. पोटाच्या भिंतीतील धमनीतून शिश्नाला रक्त पुरवण्याची शस्त्रक्रिया प्राग येथील व्हाक्लाव्ह मिखाल यांनी १९७३ मध्ये मांडली. अपघातात धमनी तुटलेल्या, एरवी निरोगी अशा तरुणांपुरतीच ती आता उरली आहे.

खात्रीचा उपाय म्हणजे शिश्नातील कृत्रिम रोपण, ज्याला दवाखान्यात सर्रास ‘इम्प्लांट’ म्हणतात. सोव्हिएत शल्यचिकित्सक निकोलाय बोगोराझ यांनी १९३६ मध्ये पुनर्रचित शिश्नाला आधार म्हणून बरगडीची कूर्चा वापरली होती, पण ती कालांतराने शरीरात विरघळत असे. सिलिकोनमुळे ही अडचण दूर झाली. १९७३ मध्ये ह्यूस्टन येथील ब्रँटली स्कॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी फुगवता येणारे रोपण प्रसिद्ध केले, तर १९७५ मध्ये मायामीच्या स्मॉल व कॅरियन यांनी अर्धताठर कांड्यांची जोडी मांडली. आजचे दोन्ही प्रमुख प्रकार यांतूनच आले आहेत.

शस्त्रक्रियेत दोन्ही दंडगोलांची पोकळी क्रमाक्रमाने जाड होत जाणाऱ्या सळयांनी रुंद करतात, तिची लांबी मोजतात आणि मापाची कांडी किंवा नळी आत बसवतात. तीन भागांच्या फुगवत्या रोपणात नळ्या शिश्नात, पंप अंडकोशात आणि मिठाच्या निर्जंतुक पाण्याची पिशवी बहुधा मूत्राशयापुढील जागेत असते. पंप काही वेळा दाबला की पाणी नळ्यांत चढते व कळ दाबली की परतते. जखम भरेपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे, संभोग वर्ज्य असतो. कांड्यांचे रोपण हाताने वर वा खाली वळवता येते आणि त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते, मात्र ताठरता कायम राहत असल्याने ते कपड्यांआड झाकणे थोडे अवघड जाते. मुंबईचे पुरुषरोगतज्ज्ञ डॉ. रूपिन शाह यांच्या नावाने ओळखले जाणारे भारतीय बनावटीचे रोपण याच गटातले असून त्यावरील काढता येणाऱ्या आवरणांमुळे जाडी रुग्णागणिक जुळवता येते. परदेशी फुगवत्या रोपणाला काही लाख रुपये लागतात, त्यामुळे पुष्कळ भारतीय रुग्णांपुढे प्रत्यक्षात कांड्यांचाच पर्याय उरतो.

जंतुसंसर्ग हा सर्वांत गंभीर धोका होय. तो झाल्यास बहुधा संपूर्ण रोपण काढावे लागते, आणि अनियंत्रित मधुमेहात तो अधिक संभवतो. फुगवत्या रोपणात काही वर्षांनी गळती होऊन ते बदलावे लागू शकते. रोपणाने लांबी वाढत नाही (ही अपेक्षा धरून आलेला रुग्ण हमखास नाराज होतो), कामेच्छाही वाढत नाही. मात्र त्वचेची संवेदना व वीर्यस्खलन पूर्वी ठीक असतील तर सहसा तसेच राहतात. पोकळी रुंद करताना मूळ ऊतक चेपले जात असल्याने पुढे रोपण काढले, तरी पूर्वीसारखी नैसर्गिक ताठरता सहसा परत येत नाही.